नदीची पातळी तासाला, पाण्यातले जंतू उद्या

पावसाळा लागला की कोल्हापुरात घराघरांत एकच आकडा फिरतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला त्याहूनही थोडी जास्त. तेव्हापासून तर रात्री दोनला उठून मोबाईलवर पातळी बघणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. पाणी इंचभर चढलं तरी तासाभरात कळतं.

त्याच नदीच्या घाटावर आज पहाटे ज्यांनी अंघोळ केली, त्यांच्या अंगावरच्या पाण्यात जंतू किती होते, हे मात्र उद्या कळतं, बऱ्याचदा परवा. तोवर ते पाणी शिरोळच्या दिशेनं निघून गेलेलं असतं, अंघोळ केलेला माणूस घरी जाऊन जेवून झोपलेला असतो, आणि पोरगं पोहताना दोन घोट प्यालं असेल तर त्याचं पोट बिघडायला सुरुवातही झालेली असते. हे अंतर कमी कसं करायचं, जगात त्यासाठी काय काय चाललंय आणि आपल्या घाटाला त्यातलं काय लागू पडेल, हे मला सांगायचं आहे. पाणी तपासणं हे माझं रोजचं काम आहे, आणि उशिरा आलेला आकडा वहीत लिहिताना हात जड होतो, तो अनुभवही रोजचाच आहे.

मे महिन्याच्या शेवटी, वळवाचा पाऊस होऊन गेल्यावर, एका सकाळी भाच्याला घेऊन पंचगंगा घाटावर गेले होते. तो नुकताच पोहायला शिकलाय, त्यामुळे नदी दिसली की त्याला थांबवणं अवघड. त्यानं पायरीवर बसून ओंजळ भरली आणि मला दाखवली.

"आत्या, बघ की. एकदम नितळ आहे. ह्यात काय तपासायचं?"

त्याचं चुकत नव्हतं. डोळ्याला दिसतो तो गाळ, शेवाळ, फेस, तरंगणारी निर्माल्याची पिशवी. जंतू दिसत नाहीत. पहिल्या पावसानंतर नदी लाल होते तेव्हा लोक पाण्यात उतरायला कचरतात, आणि चार दिवस ऊन पडून पाणी निवळलं की बिनधास्त उतरतात. पण निवळलेल्या पाण्यातही वरच्या अंगानं नाल्याचं सांडपाणी येत असेल, तर ते नजरेला कळत नाही.

नमुना घ्यायची एक पद्धत आहे. बाटली निर्जंतुक केलेली, तिच्या तोंडावर कागद बांधलेला. काठावरचं पाणी घ्यायचं नाही, मांडीएवढ्या पाण्यात जायचं. आपल्या पायांनी उठलेला गाळ बाटलीत येऊ नये म्हणून प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, बूच काढताना बाटलीच्या गळ्याला बोट लावायचं नाही, आणि बाटली उपडी धरून हात कोपरापर्यंत बुडवायचा. खाली गेल्यावर तिचं तोंड प्रवाहाकडे वळवायचं. बुडबुडे येतात, बाटली भरते. वर थोडी जागा सोडायची, म्हणजे प्रयोगशाळेत हलवून घेता येतं. मग लगेच बर्फाच्या पेटीत ठेवायची, आणि सहा तासांच्या आत ती प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. उशीर झाला तर बाटलीतले जंतू वाढतात किंवा मरतात, आणि आकडा नदीचा न राहता बाटलीचा होतो.

आता तपासायचं काय? विषमज्वर, कॉलरा, हगवण, कावीळ, प्रत्येकाचा जंतू किंवा विषाणू वेगळा. ते पाण्यात असतील तर थोडे असतात, आज असतात नि उद्या नसतात. एकेकाला शोधत बसलं तर दहा तपासण्या कराव्या लागतील आणि तरीही हाती काही लागणार नाही. म्हणून धूर बघून आग ओळखायची. माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात कोट्यवधींनी राहणारा एक जिवाणू आहे, ई. कोलाय. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञानं १८८५ मध्ये लहान मुलांच्या विष्ठेत तो शोधला, आणि पुढे त्याचंच नाव जिवाणूला मिळालं. ई. कोलायच्या बऱ्याचशा जाती निरुपद्रवी असतात. पण तो पाण्यात सापडला याचा अर्थ विष्ठा पाण्यात आली आहे, आणि विष्ठेबरोबर बाकी काय आलं असेल ते सांगता येत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ई. कोलाय लवकर मरतो. म्हणून किनाऱ्यांवर त्याच्याऐवजी एंटेरोकोकाय नावाचे जिवाणू मोजतात, ते खारटपणा जास्त सोसतात. मालवणला, गणपतीपुळ्याला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ओढा किंवा गटार जिथं समुद्राला मिळतं, तिथली वाळू कितीही छान असली तरी पोरांना तिथं खेळायला सोडू नये.

आपल्याकडे अजून सर्वात जास्त चालणारी पद्धत काचेच्या नळ्यांची आहे. पंधरा नळ्या, त्यांत दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं पोषणद्रव्य. प्रत्येक नळीच्या आत एक बोटाच्या पेराएवढी बारीक नळी उलटी ठेवलेली असते. पाच नळ्यांत दहा मिलिलीटर पाणी, पाचांत एक मिलिलीटर, पाचांत त्याचाही दहावा भाग. मग सगळ्या नळ्या ३५ अंशाच्या उबेत. ई. कोलाय ज्यात मोडतो त्या कोलिफॉर्म गटातले जिवाणू साखर खाऊन वायू सोडतात, आणि तो वायू त्या उलट्या नळीच्या टोकाशी अडकून बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून नळी उजेडात धरायची आणि तो बुडबुडा शोधायचा. कधी मटाराच्या दाण्याएवढा असतो, कधी मोहरीएवढा. काही आलं नसेल तर आणखी एक दिवस थांबायचं, एकूण ४८ तास. बुडबुडा आला म्हणून ते जिवाणू विष्ठेतलेच असंही नाही, मातीत आणि पालापाचोळ्यातही त्यांचे भाऊबंद असतात. म्हणून त्यातला थेंब नव्या नळीत घालून ४४.५ अंशावर पुन्हा एक दिवस ठेवायचा. एवढ्या उष्णतेत आतड्याची सवय असलेले जिवाणूच टिकतात.

किती नळ्यांत बुडबुडा आला यावरून तक्त्यात आकडा बघतात. पहिल्या पाचही नळ्या, मधल्या पाचांतल्या तीन आणि शेवटची एकही नाही, असं आलं तर शंभर मिलिलीटरमागे साधारण ८०. हा अंदाजाचा आकडा असतो, खरी संख्या त्याच्या दुप्पट-तिप्पटही असू शकते किंवा एक तृतीयांशही. आपल्या देशात नदीच्या अंघोळीच्या पाण्यासाठी शंभर मिलिलीटरमागे ५०० पर्यंत विष्ठाजन्य कोलिफॉर्म चांगले मानतात, आणि २,५०० ही कमाल मर्यादा आहे.

लोक विचारतात, दोन दिवस कशाला? नळी जरा लवकर बघता येत नाही का? येत नाही, कारण इथं आपण वाढ होण्याची वाट बघतोय. ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं तर तो वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. एका जिवाणूचे कोटभर व्हायला तेवीस-चोवीस वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे आठ तास, तेही मेजवानी चालू असेल तर. नदीतून आलेला जिवाणू उन्हानं भाजलेला, उपाशी, गारठलेला असतो. तो आधी सावरतो, मग वाढतो. या निसर्गक्रमाला घाई करता येत नाही. रंग बदलणारी तयार पावडर पाण्यात घालायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. पाणी पिवळं झालं तर कोलिफॉर्म, आणि अतिनील दिव्याखाली निळसर चमकलं तर ई. कोलाय. पुन्हा खात्री करण्याचा दिवस त्यात वाचतो, तरी १८ ते २४ तास लागतातच.

घाई करायची असेल तर जिवाणू वाढण्याची वाट बघणंच सोडून द्यावं लागतं. जलद तपासणीची सगळी धडपड या एका गोष्टीभोवती आहे.

त्यातली सर्वात रुळलेली पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. कोरोनात नाकात काडी घालून घेतलेला नमुना ज्या यंत्रात जायचा, तोच पीसीआर. सीटी व्हॅल्यू किती आली याची चौकशी तेव्हा भाजी मंडईतसुद्धा चालायची. पाण्याच्या बाबतीत असं करतात: शंभर मिलिलीटर पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून ओढून घेतात, त्यात जिवाणू अडकतात. गाळणी काचेच्या बारीक मण्यांबरोबर जोरात हलवली की जिवाणूंच्या भिंती फुटतात आणि आतला डीएनए बाहेर येतो. मग एंटेरोकोकाय किंवा ई. कोलाय यांच्याच डीएनएत सापडणारा ठरावीक तुकडा यंत्र शोधतं आणि त्याच्या नकला काढत जातं. तापवायचं, निववायचं, दरवेळी दुप्पट. दहा फेऱ्यांत एकाचे हजारावर, वीस फेऱ्यांत दहा लाखांवर, तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या पुढे. प्रत्येक नकलेबरोबर थोडा उजेड पडतो. उजेड लवकर दिसू लागला तर मूळ पाण्यात जिवाणू जास्त होते, उशिरा दिसला तर कमी. दुप्पट होणं इथंही आहेच, फरक एवढाच की जिवाणूला सावरायला, खायला, वाढायला वेळ द्यावा लागत नाही. नमुना हातात आल्यापासून तीन-चार तासांत आकडा मिळतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०१२ मध्ये पोहण्याच्या पाण्याचे नवे निकष काढले आणि त्यांत या पद्धतीला जागा दिली. शिकागोच्या सरोवरकाठच्या पुळणींवर सकाळी घेतलेल्या नमुन्याचा निकाल त्याच दिवशी फलकावर लागतो. सॅन दिएगोनं २०२२ पासून याच्याच पुढच्या आवृत्तीवर किनारे तपासायला सुरुवात केली. त्यात नमुन्याचे हजारो सूक्ष्म थेंब करतात आणि प्रत्येक थेंबाला एकच प्रश्न विचारतात, तुझ्यात तो डीएनए आहे की नाही. हो म्हणणारे थेंब मोजले की झालं.

दुसरी एक पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिचं मूळ आपल्या शेजारी आहे. मे-जूनमध्ये राधानगरीच्या जंगलात काजवे बघायला गेला असाल तर अख्खं झाड लुकलुकताना पाहिलं असेल. काजव्याच्या पोटात ल्युसिफरेज नावाचं विकर असतं. एटीपी, म्हणजे जिवंत पेशीतली ऊर्जेची चिल्लर, त्याला मिळाली की उजेड पडतो. हेच विकर पाण्याच्या नमुन्यात घातलं तर जिवंत पेशी जितक्या जास्त तितका उजेड जास्त. अडचण अशी की नदीत जिवंत पेशी हजार प्रकारच्या. म्हणून आधी चुंबकाचे सूक्ष्म मणी घेतात, त्यांवर ई. कोलायलाच चिकटणारी प्रतिपिंडं लावलेली असतात. मणी पाण्यात ढवळायचे, बाहेरून चुंबक लावून एका बाजूला ओढायचे, बाकीचं पाणी ओतून द्यायचं, मग काजव्याचं विकर घालायचं. तासाभरात उत्तर. मेलेल्या जिवाणूत एटीपी टिकत नाही, त्यामुळे उजेड जिवंतांचाच. पाणी गढूळ असलं की मात्र मणी नीट काम करत नाहीत, आणि म्हणूनच ही पद्धत अजून पीसीआरएवढी पसरलेली नाही.

पीसीआरचंही सगळं गोड नाही. ते डीएनए मोजतं, जीव मोजत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन मारून सोडलेल्या पाण्यात मेलेल्या जिवाणूंचा डीएनए तरंगत असतो, आणि यंत्र त्यालाही हजर धरतं. म्हणजे पाणी असतं त्याहून वाईट दिसू शकतं. उलट चूक जास्त धोक्याची. आपल्या लाल पाण्यात मातीतली आणि कुजलेल्या पाल्यातली आम्लं असतात, ती नकला काढणाऱ्या विकरालाच अडवतात. मग नमुना भरलेला असूनही यंत्र म्हणतं, काही नाही. यावर एक छान युक्ती आहे. प्रत्येक नमुन्यात मुद्दाम सामन माशाचा डीएनए ठरावीक मापानं घालतात. तो यंत्राला नीट सापडला तर बाकीचा आकडा विश्वासाचा. सापडला नाही तर नमुना बाद, पाणी पातळ करून पुन्हा करायचं. पंचगंगेसाठी ही पद्धत कुणी आणली, तर जुलै-ऑगस्टचे किती नमुने या माशाच्या परीक्षेत पास होतात, ते मी सर्वात आधी विचारेन.

आणखी एक गोष्ट. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. काविळीचा तो विषाणू होता. विषाणू ई. कोलायपेक्षा जास्त दिवस टिकतो, क्लोरीनलाही जास्त दाद देत नाही. त्यामुळे ई. कोलाय कमी आले म्हणून पाणी सुरक्षित, असं मी कुणाला लिहून देत नाही. जास्त आले तर पाणी खराब, हे मात्र ठामपणे सांगते.

माझ्या भाच्याला त्या दिवशी मी एक छोटी बाटली दिली होती. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबेत ठेवायचं. विष्ठेतले जिवाणू असतील तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि पाणी काळं पडतं. ही आपल्या देशातली देणगी आहे, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ती जगासमोर मांडली. भाच्यानं ती बाटली स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे ठेवली, आणि सकाळी दात न घासताच मला फोन केला.

"आत्या, डांबर झालंय!"

विहिरीच्या, बोअरच्या पिण्याच्या पाण्यासाठी ही बाटली फार मोलाची आहे. गावागावांत ती पोहोचली पाहिजे, कारण पिण्याच्या पाण्यात एकही जिवाणू नको, हो-नाही एवढंच उत्तर पुरतं. नदीच्या बाबतीत ती जवळजवळ नेहमीच काळी पडणार. तिथं प्रश्न किती आहेत हा असतो, आणि कधी आहेत हा.

हा 'कधी' फार चंचल आहे. कॅलिफोर्नियात समुद्राचं पाणी दिवसभर दर दहा मिनिटांनी आणि काही वेळ तर दर मिनिटाला घेऊन पाहिलं. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. लागोपाठच्या दोन नमुन्यांत सरासरी ६० टक्क्यांचा फरक निघाला. ऊन चढलं की आकडा उतरतो, भरती-ओहोटीबरोबर हलतो. नदीला भरती नाही, पण पाऊस आहे, नाले आहेत आणि धरणाचे दरवाजे आहेत. पॅरिसनं २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी सीन नदी स्वच्छ करायला प्रचंड पैसा ओतला. उद्घाटनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाऊस झाला, ई. कोलायचे आकडे वर गेले, आणि पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैवरून ३१ जुलैला ढकलावी लागली. तो निर्णय शर्यतीच्या दिवशी पहाटे घेतला गेला. सगळी जलद यंत्रं हाताशी असूनही पावसानंतर पाणी उतरायची वाट बघण्याखेरीज त्यांच्याकडे उपाय नव्हता.

इथं मला आपल्या घाटाचा मुद्दा मांडायचा आहे. अमेरिकेतल्या पुळणीवर गर्दी ऊन चढल्यावर होते. सकाळी सातला नमुना, अकराला निकाल, फलक लावायला वेळ मिळतो. पंचगंगा घाटावर माणसं पहाटे पाचपासून पाण्यात असतात. कार्तिकात तर त्याहून आधी. त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लागतात त्या अंधारातच. नृसिंहवाडीला संगमावर स्नान करणाऱ्यांचंही तेच. तीन तासांचं यंत्र आणलं तरी निकाल येईपर्यंत सगळे घरी पोहोचलेले असणार. म्हणून केवळ महागडं यंत्र आणा असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आपल्याला आदल्या संध्याकाळचा अंदाज हवा. अमेरिकेत ईरी सरोवराच्या काठी हे बरीच वर्षं चाललंय: पाऊस किती पडला, पाणी किती गढूळ आहे, लाटा किती मोठ्या आहेत, यावरून आजचं पाणी कसं असेल ते गणितानं काढतात आणि रोजच्या तपासणीनं ते गणित सुधारत नेतात. कॅलिफोर्नियात तर साधा नियम आहे, पाऊस पडला की तीन दिवस समुद्रात उतरू नका. आपल्याकडे या गणिताचा कच्चा माल आधीपासून जमा होतो. पावसाची नोंद होते. राधानगरीचे दरवाजे उघडले की दहा मिनिटांत गावभर कळतं. बंधाऱ्याची पातळी तर हातातच आहे. यात भर पडायला हवी ती दोन-तीन गोष्टींची. जयंती नाल्यावरचे उपसा पंप आज चालू होते की बंद, दुधाळी नाल्याचं पाणी शुद्धीकरण केंद्रात गेलं की थेट नदीत, आणि घाटावरच्या पाण्याचा गढूळपणा, जो मोजायला हातात मावणारं साधं यंत्र पुरतं. दोन वर्षं रोज या नोंदी ठेवायच्या आणि शेजारी त्याच दिवशीचा ई. कोलायचा आकडा लिहायचा. नळ्यांच्या जुन्या पद्धतीनं काढलेलासुद्धा चालेल. पीसीआर हे गणित पारखायला वापरावं, आणि साथीच्या काळात किंवा मोठ्या स्नानाच्या आधल्या दिवशी.

मग संध्याकाळी सातला पातळीच्या आकड्याखाली आणखी एक ओळ येऊ शकते: उद्या पहाटे घाटावर उतरावं की पायरीवरूनच हात जोडावेत.

ती ओळ येईपर्यंत मी घरच्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगते. जोराचा पाऊस झाला की तीन दिवस पाण्यात उतरायचं नाही, पाणी कितीही बोलावत असलं तरी. नाला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला कधीच पोहायचं नाही. अंगावर ताजी जखम असेल तर काठावर बसायचं. डुबकी मारायची असेल तर तोंड घट्ट मिटून, आणि तीर्थ म्हणून ओंजळ ओठांना लावायची असेल तर घरून आणलेल्या उकळलेल्या पाण्याची. घरी आल्यावर साबण लावून अंघोळ, मगच जेवण. जुलाब, उलट्या, ताप किंवा कान दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना आपण नदीत कधी आणि कुठं उतरलो होतो ते न विसरता सांगायचं. भाचा आता घाटावर आला की पाण्याकडे बघण्याआधी मला विचारतो, पाऊस कधी पडला होता.